मदत हवी आहे: होस्टिंगवाल्यांनी ‘संबंधित लेख’चं प्लगइन बंद केलं

नमस्कार मंडळी. आमच्या वाचनालयाची वर्डप्रेस साइट मॅनेज्ड होस्टिंगवर (जिथे सर्व्हरची देखभाल होस्टिंग कंपनीच करते) हलवली, तर तिथे दोन प्लगइन (साइटला जोडायच्या जादा सोयी) चालेनात. कॅशचं (तयार पानं साठवून साइट वेगवान करणारं) प्लगइन नको हे पटतं, सर्व्हरचा स्वतःचा कॅश आहेच. पण संबंधित लेख दाखवणारं प्लगइन आम्हाला हवंच आहे. वाचक जुन्या पुस्तक-परीक्षणांपर्यंत पोचतात ते त्यामुळेच. मजकूर जुळवणाऱ्या क्वेरींनी (डेटाबेसमधल्या शोधांनी) डेटाबेसवर ताण येतो, असं सपोर्टवाले सांगतात.

थीमच्या फंक्शन्स फाइलमध्ये टॅगवरून लेख शोधणारा छोटा कोड लिहून निकाल ट्रान्झियंटमध्ये (वर्डप्रेसच्या तात्पुरत्या साठवणीत) 12 तास साठवला तर भागेल का? की जेटपॅक या प्लगइनमधली ‘रिलेटेड पोस्ट्स’ (संबंधित लेख) ही सोय बरी? तिची जुळवाजुळव वर्डप्रेस डॉट कॉमच्या सर्व्हरवर होते, पण मराठी लेख नीट जुळतात का? कुणी वापरलं असेल तर कृपया सांगा.