कार्बोरेटर बसवल्यापासून गाडी रेस होतेय, मदत हवी आहे

मंडळी, मी गुहागरचा. १०० सीसीची जुनी बाईक पावसाळाभर पडवीत उभी होती. गणपतीत काढली तर चोक दिल्याशिवाय पेटेना. म्हटलं घरीच बघू. (२०२० नंतरच्या गाड्यांना बहुतेक हवा-पेट्रोल मिसळणारा हा कार्बोरेटरच नसतो, तेव्हा शिकून उपयोग किती हा प्रश्न वेगळा.)

पेट्रोल कॉक बंद केला, दोन नट काढले, कार्बोरेटर हातात. वाटी उघडली तर तळाशी हिरवट चुरा, पायलट जेटचं (कमी रेसला पेट्रोल सोडणाऱ्या बारीक नळीचं) भोक पूर्ण बुजलेलं. केबलच्या बारीक तारेने मोकळं केलं. (तार घालू नये हे नंतर कळलं.)

आता बसवल्यावर गाडी एका किकला पेटते, पण रेस होते. आयडलचा स्क्रू पूर्ण सैल केला तरी आवाज खाली येत नाही. ॲक्सिलरेटरच्या केबलला ढील आहे. चोक ओढला (म्हणजे हवा कमी केली) की मात्र जरा शांत होते, म्हणजे कुठून तरी जास्तीची हवा खेचतेय? इंजिनकडची जुनी ओ-रिंग (सांध्यातली रबरी कडी) चपटी झालेली, तीच परत लावली. दोष तिचाच, की ॲक्सिलरेटरबरोबर वर-खाली होणाऱ्या स्लाइडची खाच उलटी बसली असेल? नवी ओ-रिंग आणायला चिपळूण गाठावं लागेल, म्हणून आधी विचारतोय.