होमसिक वाटतंय, म्हणजे मराठीत नेमकं काय होतंय?

शिरोळची

कोल्हापुरात कॉलेज झालं आणि नोकरीसाठी पुण्याला आलो. (मुलगी आहे. आमच्याकडं मुलीही 'आलो, गेलो, करतो' असंच बोलतात. ऑफिसात मात्र 'आले, गेले' म्हणते, नाहीतर समोरचा माझं म्हणणं सोडून क्रियापदाकडंच लक्ष देतो.)

परवा टीममधल्या एकीनं विचारलं, "होमसिक वाटतंय का?" मी हो म्हटलं. रात्री आईला तेच सांगायला गेलो तर शब्द जुळेना. "घरची आठवण येते" म्हटलं की ती म्हणते, "मग शनिवारी ये." पण नुसती आठवण येते असं नाही. खोली चांगली आहे, काम आवडतं, सोबतच्या मुलीही मायाळू आहेत. तरी संध्याकाळी खोलीवर आलं की काही करावंसंच वाटत नाही. मैत्रिणीनं 'घरओढ' सुचवला, ऑफिसातल्या एकानं 'गृहविरह'. दोन्ही बरोबर असतील, पण आईपुढं 'मला गृहविरह झालाय' हे तोंडातनं निघत नाही. लोक खरंच काय म्हणतात?

पेठेतला

"करमंना झालंय" म्हण की. आईला एका शब्दात कळंल.

निवृत्त मास्तर

पेठेतल्यानं बरोबर शब्द काढला, पण त्यावर जरा सविस्तर लिहायला हवं, कारण 'करमत नाही' हा होमसिकचा प्रतिशब्द नाही. तो वेगळीच गोष्ट सांगतो, आणि बाळ, तू जे वर्णन केलंस ते तीच आहे.

'करमणूक' हा याच क्रियापदापासून झालेला शब्द. हरि नारायण आपट्यांनी १८९० साली साप्ताहिक काढलं, त्याचं नावच 'करमणूक' होतं. आज आपण करमणूक म्हटलं की नाटक-सिनेमा डोळ्यांपुढं येतो. मूळ अर्थ मात्र त्याहून साधा आहे : वेळ बरा जाणं, जीव लागणं. म्हणजे 'करमत नाही' म्हणताना आपण घराबद्दल बोलतच नाही. जिथं आहोत तिथली वेळ सरत नाही, एवढंच म्हणतो. घराचं नाव न घेता घर सांगणारा हा शब्द आहे. तुझी खोली चांगली आहे, काम चांगलं आहे आणि तरी करमत नाही, यात विसंगती काहीच नाही. तक्रार खोलीबद्दल नाहीच.

दुसरं असं की, हे क्रियापद होकारात फार कमी येतं. "मला खूप करमतं" असं सहसा कुणी म्हणत नाही. ते येतं नकारात किंवा प्रश्नात : "करमत नाही", "करमतंय का?" होकारात येतं ते बहुतेक वेळ गेल्यावर, "आता करमायला लागलंय" असं. बोर्डिंगात नव्यानं आलेल्या मुलाला सगळे हेच विचारायचे. कोल्हापुरात हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या विचारला गेलाय. शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं, पुढं एकेका समाजासाठी वसतिगृहं उभी राहिली, आणि राधानगरी-भुदरगडच्या खेड्यांतली पोरं पहिल्यांदा घर सोडून शहरात राहायला आली. त्यांना कोल्हापूर हेच थोर शहर होतं. तुला आज पुण्यात जे होतंय, ते त्यांना इथं, रंकाळ्याच्या काठावर बसून होत होतं.

शब्दवेडी

मास्तरांनी नकाराचं सांगितलं, मला व्याकरणातली एक गोष्ट जोडायची आहे. मला ती फार महत्त्वाची वाटते.

मला करमत नाही. मला आठवण येते. मला हुरहूर लागते. मला घराची ओढ लागली. प्रत्येक वाक्यात 'मला' आहे, 'मी' कुठंच नाही. 'करमत नाही'ला तर धड कर्ताही नाही. 'मळमळतं', 'उजाडलं' यांच्यासारखंच ते. मराठीत ही गोष्ट माणूस करत नाही, ती माणसाला होते. आणि 'लागणे' बघा : भूक लागते, तहान लागते, तशीच ओढ लागते. तहान लागल्याबद्दल कुणी स्वतःला दोष देत नाही.

आता आपण सर्रास म्हणतो, "मी घरच्यांना मिस करते." इथं 'मी' पुढं आला आणि मिस करणं हे माझं काम झालं. मग ते जास्त करतेय का, बंद कसं करू, असे प्रश्न यायला लागतात. नव्या शब्दांना माझा विरोध नाही, पण या एका ठिकाणी जुनी वाक्यरचना माणसाला जास्त सांभाळून घेते असं माझं ठाम मत आहे.

आठवणीबद्दलही एक. आठवण 'येते' तेव्हा ती आपोआप येते. आठवण 'काढतात' ती मुद्दाम, आणि बहुतेकदा आपल्या माघारी. "आई तुझी आठवण काढत होती" हे शेजारीण सांगते, आई स्वतः सांगत नाही. उचकी लागली की आपण म्हणतो, कुणीतरी आठवण काढली. 'येणे' आणि 'काढणे' या दोन क्रियापदांत घरचं माणूस आणि परगावी गेलेलं माणूस, दोघंही येतात.

कागलचा

इंग्रजीत 'सिक' आहे, म्हणजे आजार. नॉस्टॅल्जिया तर सरळ वैद्यकातनंच आला. १६८८ साली योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्यानं बाझलमध्ये प्रबंध लिहिला आणि घरापासून लांब गेलेल्या स्विस लोकांच्या दुखण्यासाठी हा शब्द घडवला : ग्रीक 'नोस्टोस' म्हणजे घरी परतणं आणि 'अल्गोस' म्हणजे वेदना. मराठीत त्याला स्मरणरंजन, गतकातरता म्हणतात, पण ते दोन्ही गेलेल्या काळाबद्दल आहेत. शिरोळच्या ताईंचं घर गेलेल्या काळात नाही, एसटीनं पाच-सहा तासांवर आहे. ते शब्द इथं नकोत.

आपल्याकडं माणसाला लावायचं विशेषण मात्र चांगलं नाही. घरकोंबडा, घरघुशा. दोन्ही हिणवणारे. पहिल्या नोकरीवर मी सुट्टी मागितली की वरिष्ठ सगळ्यांसमोर तेच म्हणायचे. घराची ओढ असणाऱ्या माणसाला मानानं हाक मारणारा एकही शब्द मला सापडत नाही, आणि ही उणीव मला खरंच बोचते.

हळदीची काकू

कागलच्या भावा, असा शब्द आहे, फक्त तो बायकांकडं ठेवला गेला. माहेरवाशीण. तिला मान असतो. चार दिवस तिला कुणी काम सांगत नाही, आवडीचं रांधून घालतात. लग्न होऊन गेलेल्या लेकीला ओढ असणार हे सगळं गाव धरून चालतं. नोकरीला गेलेल्या लेकीला आणि लेकाला ते धरून चालत नाहीत, कारण ती 'स्वतःच्या मर्जीनं' गेलेली असतात.

माहेर म्हणजे मुळात मातृगृह, आईचं घर. मग ते मुलाला का नसावं? वारकरी संतांनी कधीच हा भेद मोडलाय. एकनाथ महाराज पंढरीला माझं माहेर म्हणतात. तुकोबांच्या अभंगात सासरी निघालेली मुलगी मागं वळून बघते, आणि तुकोबा म्हणतात, माझ्या जिवाचं तसंच झालंय. एवढे मोठे पुरुष हा शब्द वापरताना संकोचले नाहीत. माझा मुलगा मुंबईहून आला की मी म्हणते, "माहेरपणाला आलाय." आधी लाजायचा, आता तोच म्हणतो.

आणि बाळा, तुझी आई "शनिवारी ये" म्हणते ते तुझं ऐकून घेतलं नाही म्हणून नाही. आम्हाला त्याशिवाय दुसरं काही देता येत नाही. येताना रिकामा डबा आण, चटणी भरून देईल. (पुणेकरांसाठी : आमच्याकडं चटणी म्हणजे वर्षाचं कांदा-लसणाचं तिखट.)

पेठेतला

काकू, चटणीचं लाख बोललात. मी पहिल्यांदा मुंबईत दुकानात "चटणी द्या" म्हटलं तर हिरवी पुदिन्याची दिली.

संध्याकाळचं कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. दिवसा 'करमत नाही' होतं, पण दिवेलागणीला होतं ती हुरहूर. त्या वेळेला मराठीत कातरवेळ असा वेगळा शब्दच आहे. कोल्हापुरात त्या वेळी गंगावेशीत म्हशी दारात उभ्या करून धारोष्ण दूध देतात, पंचगंगेच्या घाटावर, रंकाळ्यावर माणसं येऊन बसतात. म्हणजे त्या वेळी कुणी घरात एकटं नसतं. मोठ्या शहरात त्याच वेळी आपण कुलूप काढून रिकाम्या खोलीत जातो. ताई, तुमचं संध्याकाळचं मला तरी तिथंच वाटतं.

शिरोळची

सगळ्यांचे मनापासून आभार. काल आईला म्हटलं, "आई, अजून करमंना." ती गप्प झाली, मग म्हणाली, "पाणी मानवायला वेळ लागतोय." शनिवारचं नाव काढलं नाही. पहिल्यांदाच आम्ही अर्धा तास याच विषयावर बोललो, आणि तिचं लग्न झाल्यावर तिला शिरोळमध्ये किती दिवस करमत नव्हतं हे मला पहिल्यांदा कळलं.

एक पुढचा प्रश्न. ती म्हणाली, "रुळशील." मावशी म्हणाली, "रमशील." दोन्ही एकच का?

निवृत्त मास्तर

नाही. रुळणं हे सवयीनं होतं. बसचा नंबर, खानावळीची वेळ, घरमालकाचा स्वभाव कळला की माणूस रुळला. दावणीला आणलेलं नवं जनावरही रुळतं. रमायला जीव लागावा लागतो, माणसं लागतात. पुष्कळजण शहरात आयुष्यभर रुळलेले असतात आणि रमलेले नसतात. त्यांचं काही बिघडत नाही, निवृत्त झाले की गावाकडं घर बांधतात. तुझ्या आईनं 'रुळशील' म्हटलं हे मला फार नेमकं वाटतं. तिनं तुझ्याकडनं कमी मागितलं.

'पाणी मानवणं'ही लिहून ठेव. परगावची हवा, पाणी, माणसं सगळं त्यात येतं, आणि न मानवलं तर दोष ना पाण्याला ना पिणाऱ्याला.

शब्दवेडी

आणि 'मानवतं' तेही 'मला'च.