मदत हवी आहे: जुना गोल्फ पटर कुठल्या काळातला, आणि गंज कसा काढू?

नमस्कार मंडळी. गोल्फमधलं मला ओ की ठो कळत नाही, हे आधीच सांगते. पण इथे जाणकार आहेत, म्हणून विचारते.

पटर म्हणजे चेंडू खळग्यात हलकेच ढकलायची काठी, एवढं ठाऊक आहे. तिची लांबी साधारण साडेतेहतीस इंच. हेड लोखंडी, पातळ पात्यासारखं, मानेपाशी किंचित मागे वळलेलं. त्यावर कधीकाळी चकचकीत मुलामा होता, आता निम्माच उरलाय, बाकी तांबूस ठिपके. दांडी पिवळसर तपकिरी, दिसायला लाकडी. तिच्यावर थोड्या थोड्या अंतरावर तीन काळ्या पट्ट्या आहेत. मोडलेली काठी कुणीतरी बांधून काढली असावी असं आम्ही समजत होतो, पण मोडल्याची खूण कुठेच सापडत नाही. मूठ चामड्याची पट्टी गुंडाळून केलेली. तिचं खालचं टोक सुटलंय आणि पावसाळ्यात तिला पांढरी बुरशी येते. हेडच्या मागे अक्षरं आहेत. त्यातलं ‘मिटी’ आणि पुढे ‘जे’ एवढंच लागतं. जवळच सहीसारखं काहीतरी वळणदार आहे.

आता घरातली कथा. आमचं घर फोंड्याजवळ. सासऱ्यांचे काका मुंबईत एका इंग्रजी पेढीत कारकून होते. १९४७ साली साहेब विलायतेला परत निघाला तेव्हा त्यानं ही काठी काकांना दिली. साहेबाच्या वडिलांनी ती पहिल्या महायुद्धाच्या आधी स्कॉटलंडहून आणली होती म्हणे. काकांनी गोव्यात आणल्यावर तिचं काम एकच, परसातल्या केळींवरची माकडं हाकणं. घरात गोल्फ कुणीही कधी खेळलेलं नाही.

माझ्या जाऊबाईंचं म्हणणं, सोलांच्या पाण्यात रात्रभर ठेव, समईसारखी लख्ख होईल, मग तिचा टेबललॅम्प करू. मला लॅम्प नको आहे. सासऱ्यांचं वय झालंय, त्यांना ती धडधाकट झालेली पाहायची आहे. तर हे नक्की काय आहे, किती जुनं आहे, आणि गोव्याच्या हवेत टिकेल असं कसं साफ करायचं? आणि मूठ बदलू की आहे तीच ठेवू?

— फोंडेकरीण


दर्यावर्दी, वास्को:

ताई, सोलं आमटीतच राहू द्या. पितळेला आंबट चालतं, मुलामा उडालेल्या लोखंडाला नाही. आंबट पाणी मुलाम्याच्या कडेखाली शिरतं आणि उरलेला पापुद्राही सुटतो. व्हिनेगर, लिंबू, चिंच, सगळ्यांना तोच नियम.

साफ करण्याआधी दोन गोष्टी करा. फ्रिजवरचं लोहचुंबक दांडीला लावून पाहा. आणि हेडवरच्या अक्षरांत रांगोळीची पांढरी पूड बोटानं चोळून वरची पुसून टाका, खोलगट रेघांत पूड राहते. टॉर्च वरून धरू नका, एका बाजूनं आडवी धरा. जहाजावर जुन्या पंपांचे नंबर आम्ही असेच वाचायचो.


फोंडेकरीण:

चुंबक चिकटलं! म्हणजे दांडी लोखंडी? आणि रांगोळीनं कमाल केली. ‘कॅलॅमिटी जेन’ असं लागलं. सही ‘रॉबर्ट टी. जोन्स ज्युनिअर’. तळाशी ‘स्पाल्डिंग’ आणि ‘मेड इन’, पुढचं गंजात गेलंय. हा जोन्स म्हणजे साहेबाचं नाव असेल का?


नवव्या होलवर, काणकोण:

साहेब नाही हो, बॉबी जोन्स! १९३० मध्ये एकाच वर्षी अमेरिका आणि ब्रिटनच्या ओपन (सर्वांना खुल्या) आणि अमॅच्युअर (फक्त हौशी खेळाडूंच्या) अशा चारही स्पर्धा जिंकणारा. ‘कॅलॅमिटी जेन’ हे त्याच्या लाडक्या पटरचं नाव. त्या मूळ पटरची दांडी हिकरी लाकडाची होती आणि तिच्यावर तीन ठिकाणी काळा दोरा गुंडाळलेला होता. स्पाल्डिंग कंपनीनं त्या पटरची नक्कल बाजारात आणली तेव्हा त्या तीन पट्ट्यासुद्धा जशाच्या तशा उतरवल्या. तुमची काठी कधीच मोडलेली नाही, पट्ट्या कारखान्यातूनच आल्यात.

आता सालाचा हिशोब. जोन्स हौशी खेळाडू होता, खेळत होता तोवर सामानावर नाव देऊन पैसे घेणं त्याला शक्य नव्हतं. १९३० मध्ये, वयाच्या २८ व्या वर्षी तो निवृत्त झाला, मग स्पाल्डिंगशी जोडला गेला आणि १९३२ पासून त्याच्या नावाचे क्लब, म्हणजे गोल्फच्या काठ्या, विकायला आले. म्हणजे पहिल्या महायुद्धाची गोष्ट बाद. स्टीलच्या दांडीला मान्यताच अमेरिकेत १९२४ साली आणि ब्रिटनमध्ये १९२९ साली मिळाली. लोकांची नजर लाकडाला सरावलेली, म्हणून स्टीलवर लाकडी रंगाचा लेप चढवत. काकांची १९४७ ची आठवण खरी असेल तर पटर १९३२ ते ४७ मधला. मात्र नुसत्या लेपावरून साल काढू नका, या मॉडेलवर तो पुढेही दिसतो. ‘मेड इन’च्या पुढे ग्रेट ब्रिटन आहे की यूएसए, तेवढं जमलं तर वाचा. स्पाल्डिंगचे कारखाने दोन्हीकडे होते.

किमतीचं म्हणाल तर घरादाराचं कर्ज फिटेल असं काही नाही. हे मॉडेल वर्षानुवर्षं निघालं, जगभर पडलेलं आहे. मला विचाराल तर तेच बरं, मनात न कचरता वापरता येतो. राजबागच्या गोल्फ कोर्सवर घेऊन या, मीच दोन फटके मारून बघेन. चेंडू आधी किंचित उडेल. तेव्हा खळग्याभोवतीच्या हिरवळीवर चेंडू संथ सरकायचा, म्हणून पात्याला तिरकसपणा आजच्या पटरपेक्षा जास्त ठेवत. तो ‘सरळ’ करायला कुणाच्या हातात देऊ नका, मान वाकवली की उरलासुरला मुलामा तडकेल.


दर्यावर्दी, वास्को:

आता साफसफाई. लेपावर थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर, पेट्रोल यांतलं काहीही लावू नका, रंग विरघळून हातात येईल. कोमट पाण्यात दोन थेंब भांड्याचा साबण, पिळलेलं फडकं, लगेच कोरडं पुसायचं. लेप जिथे फुगलाय तिथे आत गंज आहे. तो खरवडू नका, वरून मेण भरा म्हणजे दमट हवा आत जाणार नाही.

हेडला आधी थोडं मशीन ऑइल लावून रात्रभर ठेवा. मग डबा बांधायच्या ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून हलक्या हातानं फिरवा. ॲल्युमिनियम हेडवरच्या क्रोमच्या मुलाम्यापेक्षा मऊ असतं, म्हणून ठिपके निघतात आणि ओरखडे पडत नाहीत. सँडपेपर नको, तारेचा ब्रश नको, आणि डिचोलीच्या समयांसारखी बफवर (पॉलिशच्या फिरत्या चाकावर) तर अजिबात नको, सहीच पुसली जाईल. मुलामा जिथे गेलाय तिथला काळपटपणा राहू द्या. शेवटी गाडीला लावतात ते मेण, पातळ हातानं. पावसाळ्यात पुन्हा एकदा. वर्तमानपत्रात किंवा प्लास्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर टाकू नका, आत घाम धरतो. भिंतीला टांगा, पण बाहेरच्या भिंतीला नको, ती पावसात ओल धरते.


फोंडेकरीण:

दोघांचे मनापासून आभार. जाऊबाईंना वाचून दाखवलं, लॅम्प रद्द. सासरे मात्र महायुद्धावर ठाम आहेत, त्यांना १९३२ पटायला वेळ लागेल. मुठीचं राहिलं. चामड्याला खोबरेल लावू का?


नवव्या होलवर, काणकोण:

खोबरेल नको. काळं पडतं, खवट वास येतो आणि बुरशीला खाऊ मिळतो. आधी मूठ घराबाहेर नेऊन कोरड्या ब्रशनं झाडा, मग सावलीत सुकवा. बुटाचं किंवा सॅडलचं चामड्याचं कंडिशनर मिळतं, ते अगदी थोडं.

सुटलेलं टोक सरस लावून पुन्हा गुंडाळा आणि त्यावर काळ्या मेणलेल्या दोऱ्याचे घट्ट फेरे घ्या. असा दोरा चांभाराकडे मिळेल. पट्टी कुजून तुकडे पडत असतील तरच नवी. ती वेळ आली तर जुनी पट्टी हळूच उलगडा, तिची रुंदी, लांबी आणि गुंडाळायची दिशा लिहून ठेवा, आणि तेवढीच नवी कापून घ्या. खाली कागदाचा थर असेल, तो काढू नका, मुठीची जाडी त्यानंच येते. जुनी पट्टी पाकिटात घालून ठेवा, फेकू नका.