मदत हवी आहे: डंप एक, दोन लॅबचे आकडे दोन, आणि कर्जावर सही करायची आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही दोघे भाऊ डिचोलीचे. २०१२ मध्ये गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी बंद पडल्या तेव्हा आमचे तीन ट्रक दारात उभे राहिले. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणींच्या ८८ लीजचं नूतनीकरण रद्द केल्यावर दोन विकले. आता ओळखीतले एक गृहस्थ जुन्या डंपचा (खाणीतून काढून टाकलेल्या हलक्या मालाच्या ढिगाचा) माल धुऊन कस, म्हणजे लोहाचा टक्का, वाढवायचा प्लांट घालतायत, त्यात आम्ही पैसे घालावेत म्हणतात. घर तारण ठेवावं लागेल. पुढच्या आठवड्यात सही आहे.

त्यांच्या रिपोर्टात लोह ४८ टक्के आहे. मी त्याच डंपवरून पाच पोती माल भरून दुसऱ्या लॅबला दिला, तर ४५ आलं. "तीन टक्क्यांनी काय होतं?" असं ते म्हणतात. मी हिशेब मांडला. विकायचा माल ५७ चा धरला, कारण ५८ च्या वर गेला की निर्यातीवर ३० टक्के शुल्क लागतं. वाहून जाणाऱ्या गाळात ३५ टक्के लोह राहील असं धरलं. मग ४८ च्या शंभर टनांतून ५९ टन माल निघतो, ४५ च्या शंभरातून फक्त ४५. डिझेल, वीज, लोडर मात्र दोन्हीकडे शंभर टनांचंच. शिवाय मे २०२२ मध्ये ५८ च्या खालच्या मालावरही ५० टक्के शुल्क बसलं होतं, ते नोव्हेंबरात उठलं. तसे सहा महिने पुन्हा आले तर हप्ता कुठून भरायचा?

माझंही सॅम्पल बरोबर असेल असं नाही. मी पायथ्याचा आणि उताराचा माल उचलला. मोठे दगड गडगडत खाली येतात, चुरा पावसात वाहतो. मग खरा आकडा कसा काढायचा?

उत्तर:
भाऊ, आधी सही थांबवा. लॅबकडे दळलेली पावडर शिल्लक असते. दोघांच्या पावडरी अदलाबदल करून परत तपासा. आकडे तेच आले तर लॅबची चूक नाही, माल वेगळ्या जागचा आहे. मग डंपवर ठरावीक अंतराने तळापर्यंत ड्रिल मारून दर मीटरचं सॅम्पल घ्यायला लावा. त्याहून महत्त्वाची धुलाई चाचणी. चिकणमाती सुटते, पण लोहाला घट्ट चिकटलेला ॲल्युमिना (ॲल्युमिनियमचा ऑक्साईड, मालातली नको असलेली भेसळ) धुऊन जात नाही; लोहाचा नुसता टक्का तुम्हाला हे सांगणार नाही. आणि टक्के कोरड्या मालाचे आहेत का ते विचारा, ट्रक ओलाच तोलला जातो. डंप कुणाच्या नावावर आहे, रॉयल्टी भरलीय का, हे कागदही बघा.

धागाकर्ता:
मनापासून आभार. तुमचं वाचून त्यांचा रिपोर्ट पुन्हा काढला. खाली बारीक अक्षरात छापलंय, "सॅम्पल पार्टीने आणून दिले." सही पुढे ढकलली. धुलाई चाचणीला साधारण किती माल द्यावा लागतो, आणि तो पावसाआधीच उचलावा का?