गुंतवणूक वाढतेय म्हणे, इंदूरच्या सांवेर रोडच्या कारखान्यांत कुठंय?

सांवेररोडवाला: जीडीपीत स्थिर भांडवल निर्मितीचा, म्हणजे नवी यंत्रं, बांधकामं, रस्ते यांवरच्या खर्चाचा, वाटा 2011-12 मध्ये 34 टक्क्यांवर होता. कोविडच्या वर्षी तो 27च्या आसपास आला, 2023-24 मध्ये 30च्या जरा वर. केंद्राचा भांडवली खर्च मात्र 2019-20 मध्ये 3.36 लाख कोटी होता, 2025-26च्या अर्थसंकल्पात 11.21 लाख कोटी. सरकार एवढं ओढतंय तरी गाडी जुन्या जागी पोचत नाही, कारण खासगीवाले हात आखडून बसलेत. 2019 मध्ये कंपनी कर 22 टक्क्यांवर आणला. पण मालाला गिऱ्हाईक नसेल तर कर वाचला म्हणून मशीन कोण घेतो?

रामबागकर: काका, त्या 34चं कौतुक पुरे. वीजप्रकल्प, पोलाद, सगळं उधारीवर उभं होतं. मार्च 2018ला बँकांची बुडीत कर्जं एकूण कर्जांच्या 11.2 टक्क्यांवर गेली. अर्धवट पडलेल्या प्रकल्पावर झालेला खर्चसुद्धा त्या त्या वर्षी भांडवल निर्मिती म्हणूनच मोजला गेला. आजचे 30 परवडले. रस्ते-रेल्वे आधी लागतात, कारखाने मागून येतात. इंदूर-मनमाड मार्ग 2024 मध्ये मंजूर झाला, 309 किमी, 18,036 कोटी. इंदूरजवळच्या पिथमपूरच्या कारखान्यांचा माल थेट मनमाडला उतरेल.

सांवेररोडवाला: उतरेल तेव्हा उतरेल. माझ्या शेडमध्ये मागच्या वर्षी व्हीएमसी, म्हणजे धातू कापायचं संगणकी मशीन, आली ती चाकणहून, सेकंडहँड. बेडवर आधीच्या मालकाच्या कारखान्याचा नंबर अजून रंगवलेला आहे. देशाच्या हिशेबात ती शून्य, कारण इथलीच जुनी वस्तू या हातातून त्या हातात गेली. नवी घ्यायची ऐपत होती, हिंमत नव्हती. ऑर्डर हातात तीन महिन्यांच्या, कर्ज पाच वर्षांचं. आणि तो 22 टक्के कर कंपन्यांना, माझी प्रोप्रायटरशिप, एकट्याच्या नावावरचा धंदा.

सुदामानगरची: आपल्या इंदूरकरांची गुंतवणूक म्हणजे शहराबाहेर सुपर कॉरिडॉरला प्लॉट! तोही यात धरत नाहीत बरं का. जमीन आधीपासून होतीच, नवीन काय झालं? त्यावर घर बांधलं तर बांधकाम मोजतात, मग त्याला दहा वर्षं कुलूप असलं तरी. आमच्या घरी याच विषयावर दिवाळीला भांडण झालंय, सांगत नाही.

रामबागकर: सेकंडहँडचा मुद्दा मान्य. पण काका, ऑर्डर तर आहेत ना? मग मागणी नाही कसं म्हणता?

सांवेररोडवाला: ऑर्डर आहे रे, पैसा नव्वद दिवसांनी. त्यातून हप्ता कसा भरू?

रामबागकर: लहान उद्योगांचं बिल 45 दिवसांत चुकवायचा कायदा 2006 पासून आहे. दाखवा की.

सांवेररोडवाला: दाखवला होता एकदा, भिया. पैसे तेराव्या दिवशी आले. पुढची ऑर्डर शेजारच्या शेडला गेली.