परदेशात बॅगांसकट स्टेशन बदलताना : सोलापूरकरांचा अनुभव धागा

सिद्धेश्वरने सीएसएमटीला उतरायचं आणि पुढची गाडी मुंबई सेंट्रलहून धरायची, ही कसरत सोलापूरकराला वेगळी सांगायला नको. पॅरिस, लंडन, रोममध्येही तेच आहे, फक्त तिथं लाल डगल्यातला हमाल नसतो. सुट्टीत जाणाऱ्या बऱ्याच जणांनी विचारलंय. प्रवासवर्णन नको, फोटो नकोत. कुठून कुठे, कशाने, जिने किती आणि नेमकं चुकतं काय, तेवढंच लिहा, नावाऐवजी आपला सोलापुरातला भाग टाकून.

जुळे सोलापूर :
पॅरिस आधी घेतो, सगळ्यात जास्त गोंधळ तिथंच. लंडनची युरोस्टार गार द्यु नोरला येते. ल्यों, नीस, जिनेव्हाच्या गाड्या गार द लियोंहून सुटतात. दोन्हींना जोडणारी आरईआर (पॅरिसची लोकल) डी लाईन, मध्ये एकच स्टेशन, शातले-ले-आल. गाडीत आठ-दहा मिनिटंच जातात. खरा वेळ खातं ते भुयारात उतरणं, तिकीट मशीनची रांग आणि पुन्हा वर येणं. म्हणून तास धरा, म्हातारी माणसं सोबत असली तर दीड.

२०२५ मध्ये मेट्रो आणि आरईआरचं तिकीट सरसकट २.५० युरो होतं. बस-ट्रामचं वेगळं, तेव्हा २ युरोचं, आणि ते मेट्रोच्या फाटकाला चालत नाही. तिकिटं भरून फाटकाला टेकवायचं नाविगो ईझी कार्ड २ युरोला मिळतं, पण माणशी एक घ्यावं लागतं. एकाच कार्डावर अख्खं कुटुंब आत न्यायला जाल तर पहिला माणूस आत आणि बाकीचे बाहेर. आत गेल्यावर तिकीट फेकू नका, आरईआरच्या फाटकाला बाहेर पडतानाही दाखवावं लागतं. आणि अरुंद फाटकात बॅग पुढं ढकलून आपण मागं राहिलो की मधे पट्टा मिटतो, बॅग पलीकडे आणि आपण अलीकडे. बाजूला रुंद फाटक असतं, तिथूनच जा.

डी लाईनवर कामं निघाली की बी लाईनने शातले गाठा, तिथून ए लाईनने गार द लियों. दोन्ही लाल-निळ्या पाट्यांनी कळतात: ए लाल, बी निळी.

सात रस्ता :
जोड देतो. गार द्यु नोरहून गार द ल'एस्तला (स्ट्रासबुर्ग, जर्मनीकडच्या गाड्या) मेट्रोने जाऊच नका, चालत दहा मिनिटं. पण मोबाईलचा नकाशा र्‍यू दाल्झासवरनं नेतो आणि शेवटी दगडी जिना समोर उभा करतो. बुलेव्हार द माजांतानं उतरत जा, थोडं लांब पडेल, पण बॅग चाकावरच राहील.

गार द लियोंचे फलाट दोन हॉलांत वाटलेत, काही अक्षरांचे, काही आकड्यांचे. फलाट क्रमांक बोर्डावर साधारण वीस मिनिटं आधी लागतो. टीजीव्हीचे (फ्रान्सची वेगवान गाडी) दरवाजे सुटण्याच्या दोन मिनिटं आधी बंद होतात, तेव्हा धावत येऊन दांडी धरायचा विचार सोडा.

पूर्व भाग :
जिन्यांचं नीट सांगा की मालक. पॅरिसच्या जुन्या मेट्रोत लिफ्ट असते का?

जुळे सोलापूर :
फारच कमी ठिकाणी. पूर्ण लिफ्टची एकच लाईन, १४ नंबर. मोंपार्नास स्टेशनला जायचं तर गार द्यु नोरहून ४ नंबर थेट आहे, पण उतरल्यावर भुयारातली चाल लांबलचक. चार माणसं, चार मोठ्या बॅगा असल्या तर सरळ टॅक्सी, तीही मोठी सांगून. साध्या गाडीच्या डिकीत चार बॅगा बसत नाहीत.

होटगी रोड :
लंडन. सेंट पँक्रसला उतरून एडिंबरोची गाडी असेल तर किंग्ज क्रॉस रस्त्यापलीकडं. मँचेस्टर-ग्लासगोसाठी युस्टन, युस्टन रोडनं सपाट चाल, बॅगेसकट पंधरा मिनिटं. भुयारी गाडीनं जायला निघालात तर चुकून 'युस्टन स्क्वेअर'ला उतरू नका, ते वेगळं स्टेशन, तिथून परत चालावंच लागतं.

पॅडिंग्टनला (बाथ, कार्डिफ) हॅमरस्मिथ अँड सिटी किंवा सर्कल ही भुयारी लाईन थेट. जिना नकोच असेल तर सेंट पँक्रसहून थेम्सलिंक लोकलनं एक स्टेशन फॅरिंग्डन, तिथून एलिझाबेथ लाईन. गाडी एक जास्त, पण सगळीकडं लिफ्ट. माझ्या मते बॅगांसाठी हाच रस्ता.

लंडनपार जाणाऱ्या कागदी तिकिटावर बारीक क्रूससारखी खूण छापलेली असते, त्यात भुयारी प्रवास धरलेला असतो. वेगळे पैसे भरू नका. कार्ड टॅप करणार असाल तर आत ज्या कार्डाने गेलात त्याच कार्डाने बाहेर या. मोबाईल आणि प्लास्टिक कार्ड, बँक एकच असली तरी मशीन दोन वेगळे प्रवासी धरतं आणि दोन्हींवर जास्तीचं भाडं लागतं.

रेल्वे लाईन्स :
जपानमध्ये टेपने बॅग मोजून जा, चाकं आणि हँडल धरून. लांबी, रुंदी, उंचीची बेरीज १६० सेंटिमीटरवर गेली तर टोकियो-क्योटो शिंकान्सेनला (बुलेट ट्रेन) डब्यातली शेवटची, मागं बॅगेची जागा असलेली सीट आधी राखावी लागते. मे २०२० पासूनचा नियम. राखायला पैसे नाहीत, न राखता नेली तर १००० येन. २५० च्या वर न्यायचीच नाही.

टोकियो स्टेशन ते शिंजुकू (त्याच शहरातलं दुसरं स्टेशन) चुओ लाईन, १५ मिनिटं. क्योटोहून घेतलेलं कागदी तिकीट टोकियो शहर विभागापर्यंतचं असतं, म्हणजे शिंजुकूपर्यंत त्यातच. अदलाबदलीच्या फाटकात भाड्याचं आणि एक्सप्रेसचं, दोन्ही तिकिटं एकदम सारा आणि पुढं जे बाहेर येतं ते उचला. ते फाटकातच विसरणं ही नेहमीची चूक. मोबाईलवरच्या तिकिटात ही सोय नाही. केइयो लाईनचे फलाट (डिस्नेलँडकडे जाणारी) टोकियो स्टेशनातच असले तरी चांगली पंधरा मिनिटांची चाल आहे. मोठी बॅग हॉटेलातून कुरिअरने पुढच्या गावी धाडता येते, बहुतेक दुसऱ्या दिवशी पोचते.

अक्कलकोट रोड :
थोडक्यात. रोम: तेर्मिनी ते तिबुर्तिना, मेट्रो बी, चौथं स्टेशन. गाडीवर 'रेबिब्बिया' वाचूनच चढा, 'योनियो'ची गाडी बोलोन्या स्टेशनाहून दुसरीकडं वळते. मिलान: चेंत्राले ते गारिबाल्दी, हिरवी एम २, दोन स्टेशनं. माद्रिद: आतोचा ते चामार्तिन लोकल, लांब पल्ल्याच्या तिकिटावरचा 'कोंबिनादो सेर्कानियास' कोड मशीनमध्ये टाकला की लोकलचं तिकीट फुकट. व्हिएन्ना: हाउप्टबानहोफ ते वेस्टबानहोफ १८ नंबरची ट्राम, एकही बदल नाही.

पूर्व भाग :
बॅगांचं मी सांगते. २३ किलोची एक बॅग विमानाला बरी, जिन्याला नाही. चादरी, शेंगाचटणी, कडक भाकरी वेगळ्या हलक्या पिशवीत आणि प्रत्येकाच्या हाती जेवढं तो एकटा वीस पायऱ्या उचलू शकेल तेवढंच. चार चाकांची बॅग मेट्रोत ब्रेक लागला की घरंगळते, ती आडवी करून गुडघ्यात धरा. दगडी फरसबंदीवर दोन मोठ्या चाकांचीच चालते.

सात रस्ता :
आणि दोन गाड्यांची तिकिटं वेगवेगळी काढली असतील, तर पहिली उशिरा आली म्हणून दुसरीचे पैसे परत मिळतीलच असं धरू नका. दुसऱ्या गाडीला बदल होऊ शकणारंच तिकीट घ्या. फ्रान्सच्या गाड्यांत बॅगेवर नावाची चिठ्ठी सक्तीची आहे, ती निघतानाच, सोलापुरातच, लावून टाका.