आयरिशचा गृहपाठ आणि आपण मराठी आईबाप : अनुभव सांगा

इथे आयर्लंडमध्ये सप्टेंबर आला की आमच्या ओळखीतल्या ज्युनिअर इन्फंट्सच्या, म्हणजे प्रायमरीच्या पहिल्या वर्गाच्या, आईबाबांचा एकच प्रश्न असतो. इंग्रजी, गणित कसंही रेटून नेऊ, पण ही आयरिश घरी कोण घेणार? आपल्याला तर तिचं एक अक्षर कळत नाही. प्रायमरीची आठही वर्षं, म्हणजे ज्युनिअर इन्फंट्सपासून सिक्स्थ क्लासपर्यंत, हा विषय सुटत नाही आणि लहान मूल केवळ परदेशातून आलंय म्हणून सूटही मिळत नाही. म्हणून हा धागा. अॅपांची यादी नको, ती कुठेही मिळते. घरात खरंच काय चाललं, काय चाललं नाही, ते लिहा. आयरिश शब्द ऐकू येतात तसे देवनागरीत लिहिले तरी चालेल. गाव आणि मुलाचा वर्ग सांगा, म्हणजे वाचणाऱ्याला अंदाज येईल.

ल्यूकन, मुलगी फर्स्ट क्लासमध्ये

आमच्या घरी एक शंभर पानी वही आहे. डावीकडे शाळेतला शब्द, मध्ये देवनागरीत उच्चार, उजवीकडे मराठी अर्थ. इंग्रजी अर्थाचा रकाना मुद्दाम ठेवलेला नाही. इंग्रजीच्या सवयीने हे शब्द वाचायला गेलं की काहीच हाती लागत नाही, आणि मूलही त्याच चुकीच्या वाटेने जातं.

नवीन पालकांना चारच गोष्टी सांगते. एसच्या शेजारी आय किंवा ई असेल तर बहुतेक वेळा ‘श’, आणि ए, ओ, यू असेल तर ‘स’. ‘शे’ म्हणजे तो, ‘सू’ म्हणजे फळांचा रस. दोन्ही एसनेच सुरू होतात. दुसरं, एच हे स्वतंत्र अक्षर म्हणून फारसं येत नाही, ते आधीच्या अक्षराचा आवाज बदलतं. बी-एच आणि एम-एच म्हणजे साधारण ‘व’, टी-एच आणि एस-एच म्हणजे ‘ह’, आणि एफ-एच दिसलं की गप्प बसायचं. म्हणून रस्त्याला ‘बोहर’ म्हणतात, मधला टी ऐकूच येत नाही. तिसरं, सी-एच म्हणजे घशातला खरखरीत ‘ख’. चौथी गोष्ट म्हणजे स्वरावरची तिरपी रेघ, तिला ‘फादा’ म्हणतात. ती असली की स्वर लांब. ‘फ्यार’ म्हणजे माणूस, आणि त्यातल्या ई वर रेघ दिली की ‘फेर’ म्हणजे गवत. पहिली वेलांटी की दुसरी यावरून शाळेत बोलणी खाल्लेल्या आपल्या पिढीला हे वेगळं समजावायला नको.

एकच अक्षर दोन तऱ्हांनी म्हणायचं हेही आपल्याला नवीन नाही. चमच्यातला च आणि चहातला च आपण विचार न करता वेगळे म्हणतो. माझ्या आयरिश शेजारणीला हे दोन च ऐकून फार मजा वाटली होती.

गॉलवे, मुलगा थर्ड क्लासमध्ये

ल्यूकनच्या ताईंची वही छान आहे, पण माझं थोडं वेगळं मत. देवनागरी ही कुबडी आहे, ती लवकर काढावी. आम्ही कॉर्कहून गॉलवेला आलो. तिथे ‘कशी आहेस’ला ‘कॉनस अतॉ तू’ म्हणत. इथे पहिल्याच आठवड्यात मुलगा घरी येऊन म्हणाला, बाबा, हे लोक काहीतरी ‘केन खी विल तू’ म्हणतात. डोनेगलला गेलात तर ‘कजे मार अतॉ तू’. तिन्ही बरोबर. मन्स्टरकडे, म्हणजे कॉर्कच्या भागात, जिथे ‘व’ म्हणतात, तिथे इकडे पुष्कळदा ओठांचा इंग्रजी डब्ल्यू ऐकू येतो. आता वहीत कोणता उच्चार लिहायचा?

आम्ही टँगलन डॉट आयई (teanglann.ie) हा ऑनलाइन शब्दकोश वापरतो. मोफत आहे. शब्द टाकला की मन्स्टर, कॉनॉट आणि अल्स्टर अशा तिन्ही भागांतले उच्चार माणसाच्या आवाजात ऐकायला मिळतात. सगळे शब्द नाहीत, पण प्रायमरीला लागणारे बहुतेक आहेत. नियम असा, की आधी तीनदा ऐकायचं, मग म्हणायचं, मग पुस्तक उघडायचं. आणि बाईंच्या उच्चारापेक्षा घरचा उच्चार वेगळा वाटला तर बाईंचा धरायचा, वाद घालायचा नाही.

जाता जाता, ‘तू’ म्हणजे तूच. आदरार्थी ‘तुम्ही’ नाही. मुलगा मुख्याध्यापकांना बिनदिक्कत ‘तू’ म्हणतो, आणि माझ्याच्याने अजून ते होत नाही.

स्वोर्ड्स, आजी (नात सीनिअर इन्फंट्समध्ये)

मी साताऱ्याची. लेकीकडे आले आहे. मला इंग्रजी जेमतेम, त्यामुळे नात मला शाळेतलं थेट मराठीत सांगते. तिची आई म्हणते, हेच बरं झालं.

आम्ही सापशिडी खेळतो. फाशावर आकडा आला की तो आयरिशमध्ये म्हणायचा आणि सोंगटी सरकवताना प्रत्येक घराला मोजायचं. अ हेन, अ दो, अ त्री, अ क्याहर, अ कूग, अ शे. सहाच्या पुढचे आकडे पत्त्यांवर होतात. मला दो, त्री, श्याख्त, ओख्त ऐकल्या ऐकल्या पाठ झाले. दोन, तीन, सात, आठच की हे. दाराला ‘डोरस’ म्हणतात. जावई म्हणाले, या भाषा लांबच्या बहिणी आहेत. असतील. मला एवढं कळलं, की मी चुकीचं म्हटलं की नात खदाखदा हसते आणि बरोबर म्हणून दाखवते, आणि त्यात तिची उजळणी होते. पण पाच वर्षांच्या पोरीला रोज अर्धा तास बसवू नका हो. एक डाव पुरे.

लिमरिक, दोन मुलं (फर्स्ट आणि फोर्थ क्लास)

फ्रिजवर, कपाटावर, नळावर चिठ्ठ्या लावायचा प्रकार सगळे सुचवतात. आमच्याकडे चिठ्ठ्या दोन दिवस दिसल्या, मग भिंतीचा भाग झाल्या. त्यापेक्षा वर्गात बाई जे हुकूम सोडतात ते मी घरी उचलले. ‘दून अन डोरस’, दार लाव. ‘सी शीस’, खाली बस. ‘तार अन्शो’, इकडे ये. ‘क्यूनस’, शांतता. हजेरी घेताना मुलं ‘अन्शो’ म्हणतात, आपलं ‘हजर’. तेच मी जेवायला हाक मारल्यावर म्हणायला लावते.

सकाळी बूट सापडत नाहीत, तेव्हा ‘कॉ विल द व्रोगा?’ आता पुस्तकात बूट म्हणजे ‘ब्रोगा’, आणि माझ्या वाक्यात ‘व्रोगा’. धाकट्याला हे पटेना. मग त्याला विचारलं, घोडा, पण घोड्याला गवत घाल, असं का म्हणतोस? आपल्याकडे शब्दाची शेपटी बदलते, त्यांच्याकडे तोंड. तुझा, माझा असं काही आधी आलं की बीचा व होतो. याला शाळेत ‘शेवू’ म्हणतात. सुटा शब्द पाठ केलेल्या मुलांना नेमकं इथे अडतं, म्हणून माझा आग्रह वाक्याचा आहे.

जेवणाच्या धड्याचं वेगळंच. पुस्तकात अरॉन (पाव), इम (लोणी), कॉश (चीज), उव (अंडं). डब्यात काय आहे असं बाई विचारतात आणि आमच्या डब्यात यातलं एकही नसतं. थोरल्याने ‘पोळी आगस इम’ असं उत्तर दिलं. आगस म्हणजे आणि. बाईंनी फळ्यावर पोळी लिहून घेतली.

डब्लिन, लुआस (ट्राम) लाईनजवळ

गाडीत बसल्यावर ऐकायचं, बस्स. ‘अन खेद स्ताद एले’ म्हणजे पुढचा थांबा, मग थांब्याचं आयरिश नाव. पाट्यांवर वर तिरप्या अक्षरांत आयरिश, खाली मोठ्या अक्षरांत इंग्रजी. मुलीला वरची ओळ वाचायला लावतो. बसवर ‘अन लॉर’ दिसलं की ती शहराच्या मध्यभागी जाते. आणि पाहुण्यांना एक सूचना. स्वच्छतागृहाच्या दारावर एमने सुरू होणारा ‘म्नॉ’ शब्द पुरुषांसाठी नाही. पुण्याहून आलेले आमचे काका पाटी वाचून आत्मविश्वासाने निघाले होते, सात वर्षांच्या मुलीने मागून ओढलं.

बेलफास्ट

इथे उत्तर आयर्लंडमध्ये सक्ती नाही. आयरिश माध्यमाच्या शाळा वेगळ्या आहेत, बाकी ठिकाणी मुलाला ती भेटेलच असं नाही. तुमचं वाचून हेवा वाटला.

मेनूथ, मुलगा गेलस्कोलमध्ये, सेकंड क्लास

आमची शाळा पूर्ण आयरिश माध्यमाची. सुरुवातीला इंग्रजी वाचन शिकवतच नाहीत, आधी आयरिशमध्येच बुडवतात. आमच्या दोघांच्याही घरच्यांनी फोनवर काळजी केली. पण मुलगा सेकंड क्लासमध्ये आरामात इंग्रजी वाचतो आणि त्यासाठी मी काही केलं नाही.

अडचण होती ती ‘ओबर वाल्या’ची, म्हणजे गृहपाठाची. प्रश्नच वाचता येत नाही, तर मदत काय करणार? काही क्रियापदं मला अंगवळणी पडली. ‘ले’ म्हणजे वाच, ‘श्क्रीव’ म्हणजे लिही, ‘तार्रिंग’ म्हणजे चित्र काढ. तेवढ्यावर निम्मी पानं निघतात. बाकीचं त्याने मला सांगायचं. सांगता आलं नाही तर वहीत टिंब करून पाठवते, बाई बघतात.

वरच्या सगळ्यांशी एका बाबतीत मी सहमत नाही. घरात आयरिश बोलायचा उत्साह मला धोक्याचा वाटतो. २०२२च्या जनगणनेत सुमारे १८.७ लाख लोकांनी आयरिश येते असं सांगितलं, पण शाळेबाहेर ती रोज बोलणारे ७२ हजारांच्या आसपास निघाले. तरी तिच्यामागे सरकार आहे, टीजी फोर हे आयरिश चॅनल आहे, मुलांसाठी कूला फोर हे वेगळं चॅनल आहे. मेनूथमध्ये मराठीच्या मागे फक्त आपण आहोत. खेळ, हुकूम, गाणी, सगळं करा. पण गप्पा मराठीत.

वॉटरफर्ड, मुलगी सेकंड क्लासमध्ये

शुक्रवारी शब्दांची परीक्षा, सोमवार ते गुरुवार गृहपाठ. आम्ही एकाच रात्री सगळे शब्द घेत नाही. रोज थोडे, आणि आदल्या दिवसाचे आधी. बघ, म्हण, झाक, लिही, ताडून बघ, हा क्रम शाळेनेच दिला आहे. त्यात ‘म्हण’ गाळू नका. नुसतं लिहून आलेले शब्द सोमवारी पुसलेले असतात.

वारांचं मात्र सासूबाईंनी जमवून दिलं. सोमवार दे लून, त्यात चंद्र. मंगळवार दे मॉर्त, त्यात मंगळ. शनिवार दे सहरन, त्यात शनी. हे तीन आपल्यासारखेच. बुधवार, गुरुवार आणि शुक्रवार उपवासाचे निघाले. जुन्या ख्रिस्ती रिवाजात बुधवारी पहिला उपवास, शुक्रवारी दुसरा, आणि गुरुवार म्हणजे दोन उपवासांमधला दिवस. संकष्टी धरणाऱ्या घरात हे एकदा सांगितलं की पुन्हा सांगावं लागत नाही.

कॉर्क, शाळेत एसएनए (विशेष गरजा असलेल्या मुलांची मदतनीस) म्हणून काम करते

पालक म्हणून नाही, वर्गात जे दिसतं ते लिहिते. ज्या मुलांच्या घरी इंग्रजी नाही, ती ज्युनिअर इन्फंट्समध्ये बिचकलेली असतात. आयरिशच्या तासाला तीच मुलं हात वर करतात, कारण तिथे बहुतेक सगळेच शून्यापासून सुरू करतात, आणि यांच्या कानाला नवे आवाज पकडायची सवय असते. तो तास ‘अवघड विषय’ म्हणून घरी बदनाम करू नका.

पालकांना मी एक वाक्य आधी शिकवायला सांगते. ‘अन विल क्यॅड अगम दुल ग जी अन लेहरस?’ शौचालयाला जाऊ का? बऱ्याच वर्गांत हे आयरिशमध्येच विचारायची पद्धत आहे. चार वर्षांच्या मुलाला ते लांबलचक वाक्य घाईच्या वेळी आठवत नाही. नुसतं ‘लेहरस’ म्हटलं तरी बाई समजतात, हेही मुलाला सांगून ठेवा.

१ ते १७ मार्चला ‘शाख्तन न गेल्गे’, म्हणजे आयरिश भाषेचा सोहळा असतो. त्या दिवसांत शाळेच्या फाटकाशी ‘जिया दित’ (नमस्कार) म्हणून बघा. समोरच्या आयरिश आईला तुमच्यापेक्षा जास्त संकोच वाटतो.

ड्रोहेडा, मुलगा सिक्स्थ क्लासमध्ये

लहानांचं सगळे लिहितात, मोठ्यांचं कोणी लिहीत नाही. पाचवी-सहावीत शब्दांपेक्षा क्रियापदं डोकं खातात. अनियमित क्रियापदं अकराच आहेत, पण भूत, वर्तमान, भविष्य, होकार, नकार, प्रश्न धरले की भिंत भरते. ‘जाणे’चं बघा. जातो ‘तेम’, गेलो ‘खूइ मे’, जाईन ‘राखी मे’. मुलगा वैतागला, तेव्हा त्याची बहीण म्हणाली, आपलं तरी काय, ‘जातो’चं ‘गेलो’ होतंच ना. त्यानंतर ‘जाणे’ पक्कं झालं, आणि ‘राखी मे’ तर आमच्याकडे कायमचा विनोद आहे.

आम्ही रोज एकच क्रियापद घेतो. जेवताना प्रत्येकाने त्याचं एक वाक्य म्हणायचं. ‘येणे’ आणि ‘देणे’ यांत तो अजून गोंधळतो, भूतकाळात तर फारच. या दोघांसाठी कोणी काही युक्ती काढली असेल तर लिहा, आमची परीक्षा पुढच्या आठवड्यात आहे.